लेडीबाईचं माहेर

एकदा काय झालं, समुद्रापलीकडच्या धुक्याच्या बेटावर शब्दच आजारी पडले. हसताय काय? तिथे प्रत्येक शब्द म्हणजे बोटाएवढी एक बाई होती, बरं का. सकाळ झाली की जो तो शब्द आपापल्या कामाला लागायचा. विंडोबाई घरोघरच्या खिडक्या उघडायची. डेझीबाई कुरणातली डेझीची फुलं उमलवायची. आणि लेडीबाई राणीच्या उशाशी जाऊन बसायची. त्या देशात मोठ्या घरच्या बाईला लेडी म्हणतात ना, म्हणून.

तर या तिघी फार म्हाताऱ्या. एका सकाळी तिघींनी एकदमच अंथरूण धरलं. मग काय? खिडक्या उघडेनात. फुलं मिटली ती मिटलीच. आणि राणी पलंगावर डोळे मिटून पडली. बोलेना की खाईना. राजानं वैद्य आणले, काढे झाले, लेप झाले, पण कशाचा म्हणून गुण नाही. राणीची मुलगी हिल्डा आईचा हात धरून बसायची. हात रोज जास्तच गार लागायचा.

हिल्डाची दाई होती भागूबाई. आपल्याच मुलखातली, जहाजातून तिकडे गेलेली. तिनं त्या तिन्ही चिमुकल्या म्हाताऱ्या तळहातावर घेतल्या आणि विचारलं, "काय गं बायांनो, माहेरी जाऊन किती दिवस झाले?"

झालं. तिघी मुसमुसून रडायला लागल्या. माहेर कुठे होतं तेच त्यांना आठवेना. आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं.

भागूबाई म्हणाली, "हिल्डाराणी, यांना औषध नको, मुऱ्हाळी हवा. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला येतो ना, तो मुऱ्हाळी. भाऊ नसला तर बहिणीनं जावं. जा तू. पण एक विसरू नकोस, माहेराहून ओटी भरल्याशिवाय लेकीनं निघायचं नाही."

मग हिल्डानं टोपलीत कापूस घातला, तिघींना निजवलं आणि निघाली.

आधी विंडोबाई. तिला एवढंच आठवत होतं की माहेरी थंडी फार आणि शीळ वाजायची. मग शीळ ऐकत ऐकत हिल्डा उत्तरेला गेली. बर्फच बर्फ. तिथे एक लाकडी घर, ना काच ना झडप, भिंतीत नुसतं एक भोक. त्यातून वारा आत डोकावत होता. घरातली आजी टोपलीत वाकून बघते तर काय, "अगं बाई, ही तर आमची विंड-औगा." त्यांच्या बोलीत विंड म्हणजे वारा, औगा म्हणजे डोळा. खिडकी म्हणजे वाऱ्याचा डोळा. ऐकलंत? विंडोबाई ताडकन उठून बसली.

हिल्डाला इतका आनंद झाला की ती तशीच पळत सुटली. फाटकापाशी पोचते तो विंडोबाई पुन्हा मलूल. काय विसरली होती? ओटी! मग परत धावली. आजीनं विंडोबाईच्या इवल्या ओच्यात वाऱ्याची एक झुळूक घातली, आणि म्हातारी ठणठणीत झाली.

मग डेझीबाई. तिला दवाचा वास आठवत होता. त्या वासानं हिल्डा एका कुरणात आली. फुलं सगळी मिटलेली. मग उजाडलं, ऊन पडलं आणि डेझीबाईच्या आयाबहिणींनी हळूहळू डोळे उघडले, मधोमध पिवळं बुबुळ. हिल्डा ओरडलीच, "तू दिवसाचा डोळा आहेस." खरंच होतं ते. तिथल्या जुन्या लोकांनी डेझीला हेच नाव ठेवलं होतं, डेज-आय. डे म्हणजे दिवस, आय म्हणजे डोळा. या खेपेला हिल्डा विसरली नाही, बरं का. ओटीत दवाचा थेंब घेतला आणि मगच निघाली.

राहिली लेडीबाई. ती काही सरळ सांगेना. म्हणे, "मी मोठ्या घरची. मला राजवाड्यांतून शोध." मग हिल्डानं एक राजवाडा पाहिला, दुसरा पाहिला, तिसराही पाहिला. कोणी ओळख देईना. लेडीबाई टोपलीत कापसापेक्षा हलकी झाली. हिल्डाला वाटलं, ही गेली, आणि हिच्यामागे माझी आईही जाणार. ती रस्त्यातच बसून रडली.

शेजारी एक झोपडी होती. आत एक बाई कणीक मळत होती. त्या वासासरशी लेडीबाईनं डोळे उघडले. टोपलीतून उडी मारली, ती थेट परातीत. कोपरापर्यंत हात बुडवून मळायला लागली आणि मोठमोठ्यानं हसायला लागली. ती बाई म्हणाली, "आली का गं आमची ह्लाफ-डीगे?" त्यांच्या जुन्या बोलीत ह्लाफ म्हणजे पाव आणि डीगे म्हणजे मळणारी. तेच झिजत झिजत लेडी झालं. तर लेडी म्हणजे कोण? पावाची कणीक मळणारी बाई. घरादाराला खाऊ घालणारी, म्हणून ती मोठी.

त्या बाईच्या मडक्यात मूठभरच पीठ उरलं होतं. त्यातलं अर्धं तिनं लेडीबाईच्या ओटीत घातलं.

हिल्डा घरी पोचली. विंडोबाईनं झुळूक सोडली, धाडधाड खिडक्या उघडल्या. डेझीबाईनं दव शिंपडलं, कुरण पांढरंशुभ्र झालं. पण राणी काही उठेना. लेडीबाईनं उशाशी उभं राहून पिठाची ओटी हिल्डापुढे धरली.

मग हिल्डाच्या लक्षात आलं. लग्न होऊन आल्यापासून राणीला कोणी चुलीपाशी फिरकूच दिलं नव्हतं. स्वयंपाकी डझनभर, राणीनं काय करायचं? बसायचं. हिल्डानं बाह्या सावरल्या, ओटीतलं पीठ घेतलं, आईच्या पलंगापाशीच परातीत मळलं, शेगडीवर भाजलं. पाव झाला वेडावाकडा, एका बाजूनं करपलेला. पण वास घरभर सुटला.

राणीनं डोळे उघडले. एक तुकडा तोंडात टाकला. राणी म्हणाली, "मीठ विसरलीस, बाळ. सरक, मी दाखवते."

आणि पलंगावरून उतरून ती परातीपाशी बसली. हिल्डा पिठाच्या हातांनीच आईच्या गळ्यात पडली. तेव्हापासून त्या वाड्यात रोजचा पाव राणी मळते, आणि सगळे पोटभर जेवतात.

चला, दिवसाचा डोळा केव्हाच मिटला. वाऱ्याचा डोळा मी लोटून घेते. आता तुमचेही डोळे मिटा. सकाळी उठलात की कणीक मळायला या, मीठ मी घालीन.