डावखुरे म्हातारे गेले कुठे?

सुगंधेला देवळाची भिंत रंगवायची फार आस होती, पण ती पडली डावखुरी. भरदरबारात राजवैद्य म्हणाले, "महाराज, डावखुरी माणसं अल्पायुषी असतात. राज्यात एक तरी डावखुरा म्हातारा दिसतो का? हिचं काम अर्धवटच राहायचं!"

सुगंधा हात जोडून म्हणाली, "महाराज, म्हाताऱ्यांनाच विचारा. लहानपणी डाव्या हातावर चटके कोणाकोणाला बसले?"

मग एकेक सुरकुतलेला हात वर आला. त्यात राजमातेचाही होता.

सुगंधा म्हणाली, "वैद्यराज, डावखुरे मेले नाहीत. त्यांना उजवं केलं गेलं."

वैद्यांनी मान खाली घातली. राजमाता हळूच म्हणाल्या, "पोरी, भिंत तुझीच. या हातानं एकदा तरी रांगोळी काढायची फार हौस होती गं. राहूनच गेली."