शिवेवरची पोवळी

एका राज्यात सोमकेतु नावाचा राजा होता आणि इंदुलेखा नावाची राणी होती. राज्य मोठं, राजवाडा मोठा, आणि दोघांची नाकं त्याहून मोठी. भांडण कशावरून झालं ते विचारू नये. राजाला विचारलं तर तो राणीचं नाव सांगे, राणीला विचारलं तर ती राजाचं; खरं कारण बिचारं मधल्या दालनात एकटंच बसून होतं. शेवटी ठरलं, राज्याच्या मधोमध शीव आखायची. उगवतीचा मुलूख राणीचा, मावळतीचा राजाचा.

त्या राज्याची रीत अशी, की वाटणी तोंडीच करायची, पण शिवेच्या धोंड्यावर दोघांनी हात ठेवून. ज्यावर शब्द पडला ते ज्याचं त्याचं. ज्यावर पडला नाही, ते शिवेचं. आणि शीव म्हणजे नुसती रेघ नव्हे. तिच्यावर अधांतरी नावाची चेटकीण राहते आणि ती कायम उपाशी असते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वाटणी सुरू झाली. हत्ती वाटले, विहिरी वाटल्या, आमराया वाटल्या. नगारा राजाला गेला, सनई राणीला. पुढे दोन्हीकडच्या लग्नांत काही मजा राहिली नाही, पण ते असो. मिठाराम नावाचा बोलका पोपट होता, त्याच्यावरून सकाळची दुपार झाली. अखेर शब्द पडला, की उन्हाळ्यात तो राणीकडे, पावसाळ्यात राजाकडे, आणि हिवाळ्यात जिथे पेरू चांगले येतील तिथे. आजारी पडला तर दोघांनाही कळवायचं. पिंजऱ्याचं दार दोन्हीकडे उघडं.

प्रधानानं घसा खाकरला. "आणखी काही?"

"काही नाही," राजा म्हणाला.

"काही नाही," राणी म्हणाली.

राजाच्या मनात होतं, पोवळी माझी, हे काय सांगायला हवं? राणीच्या मनात होतं, पोवळी माझी, हे काय विचारायला हवं? त्यांची एकुलती लेक पोवळी तिथेच उभी होती, मीठ लावून कैरी खात. वारा पडला. ऐन दुपारी धोंड्याची सावली लांबली, पोरीच्या पावलाला चाटली आणि मागे गेली. राणीनं ते पाहिलं. ऊन डोळ्यांवर आलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. ठरलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे दोघांचंही बरोबर होतं. पोवळी आईकडे जेवायला बसली, की दारात राजाचे स्वार शिंग फुंकत येत आणि तिला अर्ध्या घासावरून उचलून नेत. वडिलांकडे ती रपेटीला निघाली, की राणीचे भोई घंटा वाजवत, "हुं हुं" करत येत आणि तिला रिकिबीतून उतरवून पालखीत घालत. राजा निरोप धाडी, "परवा पाठवते म्हणालात." राणी उलटा निरोप धाडी, "परवा म्हणाले, कोणत्या परवा ते म्हणाले नव्हते."

पोर दर खेपेला शीव ओलांडी, आणि दर खेपेला तिचं काहीतरी तिथे राही.

पहिल्यांदा हसू राहिलं. पोवळी हसे, खांदे हलत, दात दिसत, पण आवाज येत नसे. मग सावली राहिली. मग नाव राहिलं. "पोवळे" अशी हाक मारली, तर ती दुसऱ्याच कुणाला बोलावलं असावं तशी मागे वळून बघे.

"तिकडच्यांची नजर लागली," राणी म्हणाली आणि तिनं मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. राजाही तिकडे तेच म्हणाला, त्यानंही काढली. पोरीच्या केसांना कायम जळक्या मिरच्यांचा वास येऊ लागला.

राणी तिला जवळ घेऊन विचारी, "तिकडे कसं असतं गं?"

"तिकडची भाकरी करपलेली असते," पोवळी सांगे.

राणीला लेकीची कीव येई आणि आत कुठेतरी गोडही वाटे. ते गोड वाटणं ती कुणाला सांगत नसे.

उन्हाळा लागला. एका दुपारी राणीची पालखी शिवेपलीकडून परत आली. भोई घामानं निथळत म्हणाले, "आज पालखी फुलासारखी हलकी आहे, बाईसाहेब." राणीनं पडदा सारला.

आत परकर-पोलकं बसलं होतं. त्यात कोणी नव्हतं. बांगड्या मनगटाच्या जागी हवेत होत्या. परकर शहाण्यासारखा खाली उतरला, राणीला वाकून नमस्कार करून चालत आत गेला आणि आपल्या पाटावर जाऊन बसला.

राणी ओरडली नाही. तिनं ताट वाढलं. वाढलेलं अन्न तसंच राहिलं आणि ताटासमोर परकर तसाच राहिला, तेव्हा ती ताटाशेजारी जमिनीवरच बसली.

तेवढ्यात मिठाराम खिडकीत उतरला. पावसाळा-हिवाळा संपवून तो ठरल्याप्रमाणे राणीकडे आला होता. गुबगुबीत आणि चकचकीत.

"तुला शिवेवर काही झालं नाही?" राणीनं विचारलं.

"मला काय व्हायचंय? माझ्यावर शब्द पडलाय," पोपट म्हणाला. "लेकीवर कुठे पडलाय? ती अधांतरीच्या घरात आहे. आत्ताच बघून आलो."

राणी अनवाणी निघाली.

शिवेवर, जिथे काल काही नव्हतं, तिथे घर होतं. भिंती होत्या, छप्पर नव्हतं. उंबऱ्यावर अधांतरी बसली होती. तिला पाठ नव्हती. कुठूनही पाहिलं तरी ती समोरूनच दिसे. आत एक पाळणा होता, वाटणीत जो कोणी मागितला नाही. लग्नातल्या दोन मुंडावळ्या होत्या. दोन्ही राजवाड्यांनी विसरलेला म्हातारा कुत्रा होता. आणि मधोमध पोवळी सागरगोटे खेळत होती. अंगावर धुक्याचा परकर. हसू होतं, सावली होती, जे जे हरवलं ते सगळं जागच्या जागी होतं.

"पोवळे, घरी चल."

पोरीनं सागरगोटा झेलला. "तुम्ही कोण?" ती म्हणाली. "इथे बरं आहे. इथे कोणी चल म्हणत नाही."

राणीला तलवार लागली असती तर बरं, असं झालं.

"माझं मला मिळालंय," अधांतरी म्हणाली. तिचा आवाज रिकाम्या घागरीतून यावा तसा येई. "तरी रीत म्हणून सांगते. तीन कामं आहेत. हिला झोप कशानं येते ते आणा. ही कशाला भिते ते आणा. हिच्यावर शब्द टाका. दोघांनी मिळून. धोंड्याची सावली समोरच्या त्या बोरीच्या झाडाला टेकली, की घराला छप्पर चढेल, आणि मग दार कुठे होतं ते मलाही आठवणार नाही."

राणीनं सोमकेतूला बोलावणं धाडण्यापेक्षा विस्तव गिळला असता. ती सावलीकडे बघत उभी राहिली. सावली सरकली. "मिठारामा," ती म्हणाली, "जा. महाराजांना म्हणावं, या. म्हणावं, मी बोलावते आहे."

राजा आला तो बिनखोगिराच्या घोड्यावर. त्यानं घराकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"हे तुमच्यामुळे," तो म्हणाला.

"असेल," राणी म्हणाली. "आधी झोप आणा, मग भांडू."

राणीनं चंदनाचा पलंग आणि वाळ्याचे पडदे आणवले. पोर टक्क जागी. राजानं घोडे आणवून अंगणात संथ टापांवर चालवले, त्यावर ती झोपते असा त्याचा दावा होता. पोर टक्क जागी. सावली अर्ध्या वाटेवर आली.

"दोघंही थापा ऐकून बसलात," पोपट म्हणाला. "ती कुठेच झोपत नाही. इकडे पहाटेपर्यंत मावळतीच्या खिडकीत, तिकडे उगवतीच्या. पूर्वी मात्र झोपायची. शेजारच्या दालनात तुम्ही दोघं उद्या भाजी काय करायची ते बोलायचात ना, तेव्हा."

राजा आणि राणी धोंड्याला टेकून बसले, तोंडं दोन दिशांना.

"यंदा दोडक्याला कीड आहे," राणी म्हणाली.

"हो का? आमच्याकडे पडवळ बरं आलंय."

"पडवळ तुम्हाला आवडत नाही."

"आता खातो. डाळ घालून बरं लागतं."

"हरभऱ्याची घालत असतील. मुगाची घालायला सांगा."

आत सागरगोटा पडल्याचा आवाज आला. पोवळीनं जांभई दिली, पाळण्याला डोकं टेकवलं आणि ती घोरू लागली. एक काम झालं.

"ती अंधाराला भिते," राजा म्हणाला.

"सापाला," राणी म्हणाली.

"शिंगाला भिते आणि घंटेला भिते," पोपट म्हणाला. "शिंग वाजलं की इकडे माजघरात लपते. घंटा वाजली की तिकडे पागेत. एकदा गवतातून मीच शोधून काढली. आणि अजून ऐका. इकडे सांगते तिकडची भाकरी करपते. तिकडे सांगते इकडच्या झोपाळ्यावर भोवळ येते. भाकरी उत्तम असते, मी खाल्लीय. झोपाळाही उत्तम. जो जे ऐकायला बसलेला असतो, त्याला ती ते वाढते."

राणीनं खाली मान घातली. ते गोड वाटणं तिच्या घशाशी आलं आणि कडू झालं. तिनं पाहिलं, राजाचीही मान खालीच होती.

शिंग आलं, घंटा आली. दोघांनी हातांनी माती उकरून ती धोंड्यापाशी पुरली. मातीखालून काही वेळ शिंग फुंकल्यासारखं वाजत राहिलं, मग गुदमरून थांबलं. दुसरं काम झालं.

सावली बोरीपासून वीतभर राहिली. अधांतरीच्या घरावर एकेक वासा आपोआप चढू लागला. दोघांनी धोंड्यावर हात ठेवले.

"पोवळी माझी..." राजा म्हणाला.

"पोवळी माझी..." राणी म्हणाली.

शब्द धोंड्यावर आपटले आणि मेलेल्या चिमण्यांसारखे खाली पडले. धोंडा बर्फासारखा गार पडला. आणखी दोन वासे चढले. अधांतरी हसली; पोवळीचं हसू आता तिच्या तोंडात होतं.

राणीनं डोळे मिटले. पाटावर बसलेला परकर तिला दिसला. "महाराज," ती म्हणाली, "ती कोणाची ते राहू द्या. आपल्यातलं कोण तिचं केव्हा, तेवढं बोलू."

राजा म्हणाला, "शुक्ल पक्षात मी तिचा."

"कृष्ण पक्षात मी. सणाला?"

"एक सण इकडे, एक तिकडे. न्यायला स्वार नाहीत. मी स्वतः येईन, इथवर, पायी."

"मीही पायी. ताप आला, तर त्याच घटकेला दुसऱ्याला सांगावा. आणि तिकडे कसं असतं, हे तिला कोणी विचारायचं नाही."

धोंडा कोमट झाला. सावली बोरीच्या मुळाशी थबकली, पण मागे हटेना.

"अहो, तिला विचारा की!" पोपट किंचाळला. "तिच्यावर शब्द टाकताय ना?"

घरात पोवळी डोळे चोळत उठली होती. राणी तिथल्या तिथे खाली बसली. "तुला काय हवं, बाळा?"

पोरीनं विचार केला. "मिठाराम माझ्याबरोबर हवा. मी जिथे असेन तिथे."

"हरकत आहे!" पोपट म्हणाला. "माझा शब्द आधीचा आहे! माझ्या पेरूंचं काय?"

"पेरू मी देईन," पोवळी म्हणाली आणि हसली. या खेपेला हसू तिच्या तोंडातून आलं.

वासे कोसळले. घर उन्हात मीठ विरावं तसं विरलं. तिकडे राणीच्या राजवाड्यात पाटावरचा परकर रिकामा होऊन जमिनीवर पडला. पोवळीनं रेघेबाहेर पाऊल टाकलं. तिची सावली क्षणभर मागे रेंगाळली, मग धावत येऊन तिच्या टाचांना चिकटली. म्हातारा कुत्रा तिच्यामागून आला.

राजा-राणी पुन्हा एकत्र नांदले का? नाही. पण पक्ष पालटला, की ऐन दुपारी दोघं शिवेवर पायी येतात, पोर एका हातातला हात सोडून दुसरा धरते, पोपट डोक्यावर बसून कुरकुरतो. दोघं चार शब्द भाजीचे बोलतात आणि निघतात.

निघताना वारा पडतो. धोंड्यामागून रिकाम्या घागरीतला आवाज येतो, "आणखी काही?"

आणि राजा-राणी घाई करत नाहीत. थांबतात, नीट आठवून बघतात, पोरीच्या तोंडाकडे बघतात, आणि मगच उत्तर देतात.