अंगाईचा निवाडा

भर दरबारात गदाधरपंडित गरजले, "अंगाई म्हणजे निव्वळ अक्षरं, त्यापलीकडे काही नाही! त्यासाठी दाई कशाला पोसता, महाराज?"

राजाने मान डोलावली. म्हाळसादाईने तान्ह्या राजपुत्राला छातीशी घट्ट धरलं.

म्हातारे वामनशास्त्री चाचरत उठले. आपलंच चुकत असलं तर? पण दाईचे भरलेले डोळे पाहून त्यांना गप्प बसवेना.

"पंडितजी, मग तीच अक्षरं शेवटाकडून म्हणा आणि बाळाला निजवा. या वादात पंच बाळच."

पंडितांनी अक्षरं उलटी म्हटली. बाळाने टाहो फोडला. दाईने तीच सुलटी गुणगुणली, तसं बाळ हळूहळू शांत झालं.

"मग जिंकलं कोण?" राजाने मोठ्याने विचारलं.

शास्त्रीबुवांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, महाराज. पंच झोपलेत."