विष्णूच्या बापाचं पाय

शेवट आधीच वळखलास तर माझ्या ताटातली जिलबी तुझी, लेका!

लग्नात नवरदेव म्हंजी विष्णू, म्हणून पोरीचा बाप त्याचं पाय धुतो. आमच्या यशोबानं जावयाचं पाय धुतलं, तर नवरदेवाचा बाप भैरू पाटील मिशी पिळत पुढं आला. "ह्यो विष्णू, तर मी विष्णूचा बाप! माझंबी पाय धुवा, न्हाईतर वरात माघारी!"

यशोबा रडकुंडीला आला. तशी नवरीची आत्या, सगुणा, तांब्या घिऊन उठली. "धुती की, पाटील. पर तुमी रामाचं बाप, का किसनाचं?"

रामाचा बाप पोरापायी झुरून मेला, येवढं पाटलाला ठावं हुतं. त्यो घाईनं म्हणला, "किसनाचा!"

"मग वसुदेवावानी पोराला डोईवर घ्या, अन् नदीतनं चाला. पाय आपसूक धुऊन निघत्याल." आत्यानं तांब्या भुईवर वतला. "ही घ्या यमुना!"

सारा मांडव वरडाय लागला, "उचला पाटील, उचला!" माघार घ्यावी तर मिशी जाती. नवरदेव दोन पोत्यांच्या वजनाचा. पाटलानं त्याला कसाबसा खांद्यावर घेतला, अन् तिसऱ्या पावलाला कंबर कडाडली.

लग्न झ्याक लागलं. पाटलानं अक्षता तेवढ्या बाजंवर पालथं पडून टाकल्या.