प्रधानाचे नगारे

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे एका टेकडीवर मोठी विद्याशाळा होती. तिथे शिकलेल्याला दरबारात जागा ठरलेली. मुलाला तिथे प्रवेश मिळावा म्हणून आईबाप देवाला नवस बोलत.

टेकडीच्या पायथ्याशी तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्याची पडवी होती. शाळेतले सगळ्यांत हुशार दोघे, रंगनाथ आणि विसाजी, दुपारी गुपचूप तिथे जाऊन बसत. म्हातारा तारेखाली सुताचा धागा हळूच सरकवायचा. जागा साधली की इतका वेळ नुसती वाजणारी तार गुंजायला लागायची. विसाजीच्या अंगावर काटा यायचा. शिक्षण संपलं की दोघांनी इथेच यायचं, असं त्यांचं ठरलं.

शेवटच्या दिवशी राजाने दोघांना दरबारात बोलावलं. रंगनाथ हात जोडून म्हणाला, "महाराज, मला तंबोरे करायचे आहेत." दरबार हसला. त्याच्या आईने तोंडाला पदर लावला.

मग विसाजीची पाळी आली. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने त्या दिवसासाठी नवं पागोटं बांधलं होतं. विसाजीने मान खाली घालून मानाची वस्त्रं घेतली. चार वर्षं चाकरी करू आणि मग जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं.

तो कामाचा होता, त्यामुळे चढत गेला आणि पुढे प्रधान झाला. त्या राज्याची रीत अशी, की जितका मान मोठा, तितके पालखीपुढे नगारे जास्त. विसाजीच्या पालखीपुढे रस्ता दणाणून जाई. पायथ्याच्या वाटेने जाताना तो पडदा सारून पडवीकडे पाही. रंगनाथ मान खाली घालून काम करताना दिसे. नगाऱ्यांपुढे तंबोरा कसला ऐकू येणार? जीव मात्र तिकडे ओढ घेई. पुढच्या वर्षी नक्की, असं तो म्हणे. मग कधी दुष्काळ पडे, कधी राजपुत्राचं लग्न निघे. खरं सांगायचं तर त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं.

अखेर केस पांढरे झाल्यावर त्याने राजाचा निरोप घेतला आणि पायी, एकटाच पडवीत आला. रंगनाथही थकला होता. त्याच्या धोतराला ठिगळं होती, छप्परही गळकं होतं. त्याचे दिवस काही सुखात गेले नव्हते. पण विसाजीला पाहून त्याचा चेहरा उजळला. तयार झालेला एक तंबोरा त्याने पुढे ठेवला आणि धागा हातात दिला.

विसाजीने धागा सरकवला. तार छेडली. पुन्हा सरकवला, पुन्हा छेडली.

"रंगा, तार बोलत नाही रे."

रंगनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. पडवी नादाने भरली होती. समोरच्या अंगणात पाखडणारी बाईसुद्धा सूप थांबवून ऐकत होती. मानासाठी इतकी वर्षं वाजलेल्या नगाऱ्यांनी विसाजीचे कान नेले होते. प्रधानाशी सगळेच मोठ्याने बोलत, म्हणून त्याला ते कधी कळलंच नव्हतं.

रंगनाथने त्याचा हात धरून तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. भोपळा आतून थरथरत होता.

"बोलतेय, विसू," तो त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाला. विसाजीने भोपळ्याला गाल लावला आणि तो लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तो रोज येई. भोपळे उन्हात घाली, लाकूड घासून देई. संध्याकाळी रंगनाथ तार छेडी आणि विसाजी भोपळ्यावर तळवा ठेवून बसे. त्याला ते पुरत होतं का? नाही पुरत. पण आता तेवढंच उरलं होतं.

म्हणून लहानथोरहो, मन हाक मारतं तेव्हा ऐकू येतंय तोवरच ओ द्यावी.