केवडाराणीचे वांग

एक होता राजा, आणि त्याला होतं पांढऱ्याचं वेड. त्याच्या गावचं कापड इतकं पांढरं, की लांबलांबून लोक न्यायला यायचे. नदीकाठी बघावं तिकडे धोतरं वाळत पडलेली. डाग दिसला की राजाचं डोकं फिरायचं. असतात अशी माणसं, बरं का. आपल्या घरातही आहेत.

त्याची राणी केवडा. तिला गोड मुलगी झाली. पण पोटुशी असताना राणीच्या गालांवर वांग आले, काळपट डाग. त्यात काय एवढं? बायकांना येतात. उन्हापासून जपावं, चोळू नये, पुष्कळदा आपसूक फिके होतात. सारजा दासीलाही होते, तिला कुणी काही म्हणत नव्हतं. आणि बाळ तर दूध पिताना त्याच डागावर हात ठेवून झोपायचं.

राजा म्हणाला, "बारशाला सगळा गाव येईल. डाग गेले तरच तू पाळण्यापाशी बसायचंस. नाहीतर बाळाला माझी बहीण घेऊन बसेल."

"महाराज, बाळ माझं आहे," राणी म्हणाली.

"म्हणूनच आधी सांगतोय."

मग सासूबाई म्हणाल्या, "कापडाचे जातात, तर तोंडाचे का नाही जाणार?" त्यांनी राणीच्या गालांना लिंबू चोळलं आणि तिला धोतरांच्या रांगेत उन्हात बसवलं. डाग आणखी काळे झाले. मग नदीची वाळू आणून घासलं. कातडं सोललं, डाग तिथेच. राणी रडली, तर खारट पाण्यानं गाल आणखीच चरचरले.

मग आली एक फिरस्ती बाई, मलमाची कुपी घेऊन. म्हणाली, "एकदाच लाव. सगळं धुऊन जाईल."

"सगळं म्हणजे काय?" राणीनं विचारलं. पण बाई वळणावरून दिसेनाशी झाली होती.

राणीनं मलम लावलं. डाग गेले. मग भुवया गेल्या, ओठांचा रंग गेला, हसताना पडायची ती खळीही गेली. चेहरा धुतलेल्या धोतरासारखा झाला. राजा खूश. म्हणाला, "आता कशी शोभतेस!"

बारशाला राणी पाळण्यापाशी बसली आणि तिनं बाळाला उचललं. बाळानं वर बघितलं. गालावर हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग जे रडायला लागलं, ते आत्याकडे थांबेना, राजाकडे थांबेना. शेवटी सारजानं घेतलं. बाळानं तिच्या गालावरच्या डागावर हात ठेवला आणि गप झोपलं. नाव ठेवलं ते सारजाच्या मांडीवर. पुढे पोर बोलायला लागली, तीही पहिल्यांदा तिलाच आई म्हणाली.

राजा सुखात राहिला. सासूबाई सुखात राहिल्या. राणीही सुखात होती म्हणतात. चेहऱ्यावर काही दिसलं असतं, तर कळलं असतं ना.

चला, मिटा डोळे. आणि कुंदे, ते उशीखालचं लिंबू इकडे दे. उद्या वरणावर पिळू.