भरणी रिकामी कशी पाठवायची?

झाडं कमी आणि वारा फार, अशा एका माळावरच्या वाडीत घोंगडी विणणारी एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायची. घर एका खोलीचं. निम्म्या खोलीत माग, उरलेल्या निम्म्यात चूल आणि दोन माणसं. आसपासचे मेंढपाळ लोकर आणून टाकायचे. बाई ती पिंजायची, कातायची, विणायची आणि घोंगडी तयार झाली की ज्याची त्याला द्यायची. बदल्यात ज्वारी यायची, कधी डाळ, कधी गुळाचा खडा. दोघांचं भागत होतं.

कोकराची पहिली लोकर कातरतात तिला जावळ म्हणतात. त्यातली मूठभर विणणारीला द्यायची अशी मेंढपाळांची रीत होती. जावळ फार मऊ असतं. या माळावरच्या कोकरांचं काळं असायचं आणि त्याची टोकं उन्हानं तांबूस झालेली असायची. बाई ते आढ्याला टांगलेल्या टोपलीत साठवायची. टोपली भरली की वडिलांसाठी घोंगडी विणायची, हे तिचं ठरलेलं होतं. त्यांची जुनी घोंगडी इतकी विरली होती की तिच्यातून उजेड दिसायचा. मागचा हिवाळा त्यांनी चुलीला पाठ लावून काढला होता. येणारा तसा निघणार नाही, हे ते स्वतःच शांतपणे सांगायचे, आणि बाई वर टोपलीकडे पाहायची. ज्येष्ठात टोपली पाऊण भरली होती.

त्याच ज्येष्ठात वाडीत एक तट्टूवाला आला. तट्टूच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत गवतात बसवलेल्या चिनी मातीच्या भरण्या होत्या आणि भरण्यांत तेल. घाटापलीकडच्या शहरातल्या एका पेढीचं हे तेल, गुडघ्यांना फार चांगलं, मालकांनी प्रेमानं भेट पाठवलंय, असं सांगत तो दारोदार एकेक भरणी ठेवत गेला. घ्यायचं काही नाही, द्यायचं काही नाही. नको असलं तर कळवा, असंही तो जाताजाता म्हणाला. कसं कळवायचं ते त्याने सांगितलं नाही, आणि फुकट आलेल्या वस्तूबद्दल असले प्रश्न कोण विचारतं?

तेल वाईट नव्हतं. बाईने वडिलांचे गुडघे चोळले, त्यांना दोन रात्री झोप लागली, आणि त्यांनी त्या न पाहिलेल्या मालकाला तोंडभरून आशीर्वाद दिला.

महिन्याने तट्टूवाला दुसरी भरणी घेऊन आला आणि पहिली परत मागू लागला. आता या वाडीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीत कुणाच्या घरून वाटीभर आमटी आली तरी वाटी रिकामी परत जात नसे. काही नाही तर चिमूटभर साखर घालायची, दोन शेंगा घालायच्या, पण भांडं रिकामं पाठवायचं नाही. रिकामं भांडं पाठवणं म्हणजे तुमचं माझं संपलं, असं तोंडावर सांगणं. पोरींना हे बोलायला लागायच्या आधीच कळायचं. रीत चांगली होती, तिला माझा काही आक्षेप नाही. फक्त ती शेजाऱ्यांसाठी होती. घाटापलीकडच्या पेढीला ती कुठून माहीत झाली कोण जाणे, पण तिला ती चांगलीच माहीत होती.

बाईने भरणी घासूनपुसून घेतली आणि घरात पाहिलं. ज्वारी महिनाअखेरीची, तळाला गेलेली. मागावरची लोकर लोकांची. वडिलांच्या गुडघ्यांसाठी आलेल्या भेटीच्या बदल्यात हलकं काही घालायला तिचं मन होईना. तिने टोपली खाली घेतली, मूठभर जावळ काढलं आणि भरणीत भरलं.

शेजारच्या घरात एक आत्या राहायची. साऱ्या वाडीची आत्या, आणि वाडी तिला फटकळ म्हणायची. तिने आपली भरणी धुऊन, रिकामी, तट्टूवाल्याच्या हातात दिली. तेल बरं होतं पण मला नको, एवढंच ती म्हणाली. शेजारपाजारच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढे गौरीच्या सणाला आत्याकडे कुणाच्या घरून ताट आलं नाही.

श्रावण-भाद्रपद गेले, आश्विन आला, भरण्या येत राहिल्या. तट्टूवाला आता भरणी घेताना झाकण उघडून आत पाहायचा. एकदा बाईने जावळाऐवजी मूठभर शेंगा घातल्या, तर त्याचा चेहरा उतरला. मालकांना तुमची लोकर फार आवडली होती, ते मुद्दाम विचारत होते, असं तो म्हणाला. बाई ओशाळली आणि शेंगांवर जावळाची एक मूठ ठेवली. पुढच्या खेपेला त्याने एकाऐवजी दोन भरण्या उतरवल्या. घरात दोन माणसं आहेत हे मालकांच्या लक्षात आलं होतं म्हणे.

घरातलं तेल संपेना. गाडग्यांत तेल, मडक्यांत तेल, डाळीचा डबा रिकामा करून त्यातही तेल. पाणी तापवायला भांडं शोधावं लागू लागलं. चार गुडघ्यांना लागून लागून तेल लागणार तरी किती?

शेवटी धीर करून बाई तट्टूवाल्याला म्हणाली की पुढच्या महिन्यात आणू नका.

तो वाईट माणूस नव्हता. तट्टूची मान खाजवत तो म्हणाला, "मी नुसता वाहणारा हाय, बाय. त्यांनी बांधून दिलं की आणायचं, तुम्ही दिलं की न्यायचं. तोंडचा निरोप आमच्याकडं चालत न्हाई."

त्या दिवशीही दोन्ही भरण्या जावळाने भरूनच गेल्या. नको म्हणताना हात भरणी भरत होते, आणि पेढीत पोचलं ते हातांचंच म्हणणं.

कार्तिकात तो येण्याच्या दिवशी बाई पहाटेच रानात निघून गेली. दारात कुणी नसलं की तो आपोआप परत जाईल, असा तिचा हिशेब. पण घरात वडील होते. संध्याकाळी ती आली तेव्हा नव्या भरण्या कोनाड्यात होत्या आणि टोपली खाली उतरवलेली होती. म्हाताऱ्याने काठीने ती खाली घेतली होती आणि पाहुण्याचा मान म्हणून दोन्ही भरण्या दाबून दाबून भरून दिल्या होत्या.

"आबा, ही तुमची लोकर हुती," ती म्हणाली.

"ठावं हाय मला," वडील म्हणाले. "पर दारात आलेलं भांडं रिकामं कसं पाठवू, बाय? तूच सांग."

तिने टोपली पुन्हा आढ्याला टांगली. टोपलीत आता पाव भागही उरला नव्हता.

त्या आठवड्यात फटकळ आत्या कुंपणापाशी उभी राहिली. तिने सगळं पाहिलं होतं. "एकदा रिकामी दे," ती म्हणाली. "एकदाच. माझ्या दारात पुन्हा आला का तो?"

"लोक काय म्हणतील, आत्या?"

"म्हणतील. मला म्हणत्यातच की."

बाई हसली आणि बघू म्हणाली. मनात तिने ठरवलं की आणखी एक महिना जाऊ द्यावा, मग नीट काहीतरी सांगता येईल. आत्यासारखं वागणं तिच्या जिभेला आणि हाताला जमण्यातलं नव्हतं. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते, कारण तिच्या जागी आपण काय केलं असतं हे आपल्यालाही ठाऊक आहे. मार्गशीर्षात भरण्या आल्या, आणि भरून गेल्या.

उरलेलं जावळ कातून तिने मागावर चढवलं. हातभर घोंगडी झाली आणि सूत संपलं. नवीन कोकरं फाल्गुनाशिवाय कातरली जाणार नव्हती.

पौष लागताच माळावरचा वारा घराच्या फटीफटींतून आत यायला लागला. मेंढपाळ आपापल्या घोंगड्या घेऊन केव्हाच लांबच्या चराईला गेले होते. वडील खोकू लागले. हातभर घोंगडी छातीवर घेतली की गुडघे उघडे पडायचे, गुडघ्यांवर घेतली की छाती. वर जुनी विरलेली घोंगडी घालूनही त्यांचं अंग कापत राहायचं. बाई तेल चोळायला गेली तर मडक्यामडक्यांतलं तेल थंडीने गोठून पांढरं झालेलं. ती ते चुलीवर पातळ करायची आणि चोळायची, आणि चोळून होईतो हात पुन्हा गार पडायचे.

आत्याने दोनदा कुंपणावरून विचारलं की पांघरायला आहे ना. दोन्ही वेळा बाई आहे म्हणाली. ज्याला नको म्हणता येत नाही त्याला द्या म्हणणंही जड जातं, का ते मला कळलेलं नाही, पण मी ते पुष्कळदा पाहिलं आहे.

तिसऱ्या वेळी आत्याने विचारलंच नाही. खोकला ऐकून ती स्वतःची घोंगडी घेऊन सरळ घरात आली आणि तिने ती म्हाताऱ्याला गळ्यापर्यंत गुंडाळली. वडिलांनी डोळे उघडले. "ऊब आली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, भिंतीला ऊन लागलेलं असताना, ते गेले. दोन दिवस आधी ती घोंगडी आली असती तर, असं आत्या कधी म्हणाली नाही. बाई मात्र स्वतःशी ते रोज म्हणत राहिली.

तेरावा झाल्यावर बाईने घरातल्या दोन भरण्या राखेने घासल्या, उन्हात वाळवल्या, डोक्यावर पाटीत घेतल्या आणि घाट चढून शहर गाठलं. दोन दिवस लागले. पेढी शोधायला वेळ लागला नाही, तेलाचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. मालक काही दिसला नाही. मोठ्या चौकात एक मुनीम बसला होता आणि चारपाच गडी तट्टूंच्या टोपल्या भरत होते. प्रत्येक टोपलीत भरण्या, आणि भरणी भरणीला आपटू नये म्हणून मध्ये दाबून बसवलेली मऊ काळी लोकर. तिची टोकं तांबूस होती.

बाईने खाली बसून त्यातला एक पुंजका उचलला. तो चिमटीत चोळायची तिला गरज नव्हती, तरी तिने चोळून पाहिला.

ही लोकर कशाला, असं तिने विचारलं.

"घाटात भरण्या फुटायच्या," मुनीम मान वर न करता म्हणाला. "आधी गवत घालत होतो. ही बरी पडते. कुठल्याशा माळावरून येते."

एक गडी पुढे आला, तिच्या हातातला पुंजका त्याने घेतला आणि दोन भरण्यांच्या मध्ये खोचून दिला. मग तिने विचारलं, "तेल नको असेल तर कुणाला सांगायचं होतं?"

आता मुनिमाने वर पाहिलं. प्रश्न त्याला खरंच नवा वाटला असावा. "सांगायचं कशाला? भरणी रिकामी आली की आम्ही त्या दारी पाठवत नाही. तुमची कधी रिकामी आली का?"

बाईने पाटीतल्या दोन्ही भरण्या काढल्या आणि त्याच्यासमोर उपड्या ठेवल्या. एक थेंब पडला नाही. मुनीम बरं म्हणाला, गड्याला खूण केली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. वर्षाचा निम्मा भाग जी गोष्ट तिच्याने झाली नव्हती, ती इतक्यात झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी रागावलं नाही, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ती तिथेच पायरीवर बसून रडली. गडी तिला वळसा घालून टोपल्या नेत राहिले.

पुढच्या महिन्यात तट्टूवाला वाडीत आला तेव्हा तिच्या दारावरून मान न वळवता गेला. वाडीतल्या बायका त्यावर काय बोलायचं ते बोलल्या. बाकीच्या दारांत तो थांबत होता, आणि त्या दारांत भरण्या भरल्या जात होत्या.

फाल्गुनापासून कोकरं कातरली जाऊ लागली. टोपली भरायला पुढचा कार्तिक उजाडला, पण भरली. बाईने त्याची घोंगडी विणली, काठाला एकही गाठ न राहू देता, आणि ती घेऊन आत्याच्या घरी गेली.

आत्याने घोंगडी हातात घेतली, गालाला लावून पाहिली आणि पुन्हा तिच्यापुढे धरली. "मी माझी दिली हुती म्हणून ही परतफेड करत असशील, तर घेऊन जा," ती म्हणाली. "तुला मनातनं द्यायची हाय का?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. आबांचा विचार तिच्या मनात आला, टोपलीचा आला.

"हाय," ती म्हणाली, आणि मग आत्याने घोंगडी घेतली.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: जे नको आहे त्याचं भांडं पहिल्याच दिवशी रिकामं परत करा. परक्याचा मान राखण्यासाठी भरलेली प्रत्येक मूठ आपल्याच माणसाच्या वाट्यातून गेलेली असते.